तुम्ही तिथे नसताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

स्वयंपाकघरातलं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. घासूनपुसून पांढुरकं झालेलं, साधं लाकडी टेबल. आणलंत? आता असं समजा, की तुम्ही तिथे नाही. तुम्हीच नव्हे, कुणीच नाही. बघणारं माणूस नाही, त्यावर हात टेकणारं नाही. ते टेबल आता कसं असेल?

हा प्रश्न माझा नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तो येतो, आणि येतो तोही गमतीनं. मिस्टर रॅम्से हे तत्त्वज्ञानाचे नावाजलेले अभ्यासक. त्यांच्या घरी सुटीला आलेली लिली ब्रिस्को ही चित्रकार त्यांच्या मुलाला विचारते, की तुझ्या वडिलांची पुस्तकं असतात तरी कशाबद्दल? तो काहीतरी जडजंबाल सांगतो. तिच्या डोक्यावरून जातं. मग तो या टेबलाचा दाखला देतो. झालं! त्या दिवसापासून मिस्टर रॅम्सेंच्या कामाचा विषय मनात आला, की बिचाऱ्या लिलीला बागेतल्या झाडाच्या बेचक्यात उलटं अडकलेलं टेबल दिसू लागतं, चारी पाय वर.

मला वाटतं, अख्खी कादंबरी या थट्टेवर उभी आहे. आपण नसताना जग कसं असतं? आणि त्या जगाला आपण नसल्याचं काही वाटतं का?

आपल्या वाङ्मयाला या प्रश्नाचं उत्तर पूर्वीपासून ठाऊक होतं. वाटतं! शकुंतला सासरी निघाली, तर हरिणींच्या तोंडातला घास गळून पडतो, मोर नाचायचे थांबतात, वेली पानं ढाळतात. कालिदासानं ते असं काही लिहिलं आहे, की त्यावर शंका घ्यायची कुणाची हिंमत होत नाही. इंग्रजीत रस्किननं १८५६ साली या सवयीला नाव दिलं, ‘पॅथेटिक फॅलसी’. आपलं दुःख झाडावर, ढगावर, समुद्रावर लादायचं आणि मग तेच रडताहेत असं म्हणायचं. रस्किननं बोट ठेवलं म्हणून कवी काही सुधारले नाहीत. मी तर नाहीच.

माझी अम्मा २०१२ च्या मार्चअखेरीस गेली. पाडवा नुकताच होऊन गेला होता. आमच्या दारातला कडुलिंब अंगभर मोहरला होता आणि पाडव्याला शेजारपाजारच्या बायका नेहमीप्रमाणे आमच्याच झाडाचा डहाळा घेऊन गेल्या होत्या. जनाजा उचलला तेव्हा त्या फुलांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत होता. पुढं मी त्यावर कविता लिहिली. तिच्यात कडुलिंब रात्रभर बारीक बारीक फुलं गाळत रडतो. कविता एका दिवाळी अंकात आली, लोकांना आवडली, कविसंमेलनांत ‘ती कडुलिंबाची म्हणा’ अशी फर्माईश होऊ लागली. मीही म्हणत असे. आवाज थोडा जड करून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ही कादंबरी पुन्हा हातात घेतली. पुन्हा म्हणतो, कारण बी.ए.ला असताना ती सुरू करून तिसाव्या पानाच्या आसपास सोडून दिली होती. तिच्यात काही घडतच नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. ते अगदीच चुकीचं होतं असंही नाही.

स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावर एक सुटीतलं घर आहे. सप्टेंबरची संध्याकाळ. मिसेस रॅम्से, वय पन्नास, आठ मुलांची आई. धाकट्या जेम्सला उद्या दीपगृह पाहायला जायचं आहे. आई म्हणते, हवा चांगली असली तर नक्की जाऊ. वडील म्हणतात, हवा चांगली असणार नाही. पहिला भाग एवढाच. दुसऱ्या भागात दहा वर्षं जातात. तिसऱ्यात उरलेली माणसं परत येतात, वडील जेम्सला आणि त्याच्या बहिणीला घेऊन होडीनं दीपगृहापर्यंत जातात, आणि लिली आपलं दहा वर्षं अडलेलं चित्र पुरं करते. संपली गोष्ट.

पण पहिल्या भागातली एक जागा पाहा. मुलं झोपायला गेली आहेत. मिसेस रॅम्से एकट्याच विणत बसल्या आहेत, दीपगृहाच्या राखणदाराच्या आजारी मुलासाठी मोजा. दिवसभर ही बाई कुणाची तरी आई, कुणाची बायको, कुणाची यजमानीण. आता कुणाला काही व्हायचं नाही. हे सगळं गळून पडल्यावर आत काय उरतं? वुल्फ म्हणतात, एक काळोखी पाचर उरते, इतरांना न दिसणारी. आणि या एकांतात समोरच्या दीपगृहाचा झोत फिरत येतो. तीन झोतांतला तिसरा, लांब आणि स्थिर, तो त्यांना आपला वाटतो. बघता बघता त्या तो झोतच होतात.

इथं माझ्यासारख्याला ‘फना’ शब्द आठवतो. सूफींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला मीपण विरघळण्याचं अप्रूप नवं नाही. पण लगेच पुढं एक ठेच आहे. त्या तंद्रीत मिसेस रॅम्सेंच्या मनात एक वाक्य उमटतं, आपण सारे देवाच्या हाती आहोत अशा अर्थाचं. आणि त्या स्वतःवरच चिडतात. हे कोण बोललं? मी तर नाही. हे माझं वाक्य नव्हे, सवयीनं आत शिरलेलं आहे.

प्रथम वाचलं तेव्हा मला हे खटकलं. मग आठवलं, अम्मा गेल्याचं कळलं त्या क्षणी, मयतीच्या वेळी आम्ही जे म्हणतो ते माझ्या ओठांनी आपलं आपण म्हटलं होतं. मी ते म्हटलं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. माझा त्यावर विश्वास नाही असं नव्हे. पण त्या क्षणी बोलणारा ‘मी’ कोणता, हा प्रश्न विचारण्याची सोय एका कादंबरीनं करून दिली. आधुनिक कादंबरीनं माणसाच्या आत डोकावलं म्हणतात ते हेच. आपला म्हणून जो आवाज आपण ऐकतो त्यात कितीतरी उसनं असतं, हे तिनं दाखवलं.

आता दुसरा भाग. त्याचं नाव ‘टाइम पासेस’. तो लिहिणं अत्यंत अवघड जात असल्याची नोंद वुल्फबाईंनी १९२६ च्या डायरीत केली आहे. कादंबरीच्या मधोमध अवघी वीसेक पानं, आणि त्यांत माणूस जवळजवळ नाहीच. घर बंद. वारा बिजागरीतून आत शिरतो, भिंतीवरच्या सुटलेल्या कागदाशी खेळतो. पुस्तकांना बुरशी येते. दिवाणखान्यात पाकोळ्या घरटी करतात. मुलांच्या खोलीत भिंतीवर डुकराची कवटी होती. मुलीला तिची भीती वाटे, म्हणून आईनं तिच्यावर आपली शाल गुंडाळली होती. त्या शालीची एक घडी सुटून लोंबकळू लागते. बागेत कोबीत कार्नेशन उगवतं. आणि दीपगृहाचा झोत रोज रात्री येत राहतो. ज्यांनी त्याला आपलं म्हटलं होतं त्या आता नाहीत.

त्या नाहीत हे आपल्याला कसं कळतं? चौकटी कंसात. मिस्टर रॅम्सेंनी एका काळोख्या पहाटे हात पसरले, पण मिसेस रॅम्से आदल्या रात्री अचानक वारल्या होत्या, म्हणून हात रिकामे राहिले. एवढंच. शंभरावर पानं जिच्याभोवती फिरली, ती बाई एका वाक्यात, तेही कंसात, तेही वाक्याच्या पोटात गेली. थोरली मुलगी बाळंतपणाशी आलेल्या आजारात गेली, कंसात. टेबलाचा दाखला देणारा अँड्र्यू महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर तोफगोळ्यानं मेला, कंसात. आणि कंसाबाहेर पाऊस, वारा, वसंत.

मी पुस्तक मिटलं. अक्षरशः. मला माझा कडुलिंब आठवला.

या भागात समुद्रकाठी फिरणारी काही माणसं येतात. त्यांना आकाशाकडून, लाटांकडून आपल्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. सौंदर्य बाहेर आहे म्हणजे आत चांगुलपणा असणारच, असा त्यांचा हिशेब. मग एके दिवशी एक राखाडी जहाज क्षितिजावर येऊन जातं आणि पाण्यावर जांभळट डाग उरतो, खाली काहीतरी रक्ताळलं असावं तसा. युद्धाचं याहून जास्त वर्णन नाही. त्यानंतर निसर्गात आपलं रूप पाहण्याची सोय उरत नाही. आरसा फुटला, असंच वुल्फ सुचवतात. १९१४ ते १९१८ या काळात ज्यांनी तरुण मुलं गमावली, त्या पिढीला झाडं रडतात हे सांगणं जड गेलं असणार.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वुल्फबाईही या मोहातून पूर्ण सुटलेल्या नाहीत. त्यांचा वारा रिकाम्या घरात प्रश्न विचारतो. त्यांचा झोत मायेनं कुरवाळल्यासारखा बिछान्यावर थांबतो. नसलेल्या माणसाचं घर लिहायचं तर भाषा लागते, आणि भाषा माणसाचीच. टेबल कुणी पाहत नाही म्हणायलाही कुणीतरी लागतं. फरक इतकाच, की त्यांना हे ठाऊक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. आणि घर अखेर सावरतं ते कवितेनं नव्हे. सत्तरीला टेकलेली मिसेस मॅकनॅब सांधे दुखत असताना झाडू, बादली घेऊन येते, आणखी एका बाईला हाताशी धरते आणि घर राडारोड्यातून वर काढते. तिच्या डोळ्यांपुढं मालकीणबाई उभ्या राहतात, करडा झगा घालून फुलांवर वाकलेल्या. कंसाबाहेर मिसेस रॅम्सेंची आठवण प्रथम काढली जाते ती अशी, एका मोलकरणीकडून.

तिसऱ्या भागात लिली हिरवळीवर चित्र काढता काढता रडू लागते, मिसेस रॅम्सेंना हाका मारते. आणि इथं पुन्हा तोच चौकटी कंस येतो. त्यात काय आहे? होडीतला कोळ्याचा पोरगा एका माशाच्या अंगाचा चौकोनी तुकडा गळाला लावण्यासाठी कापतो आणि तो अजून जिवंत मासा समुद्रात टाकून देतो. कंस संपला. लिली पुन्हा हाक मारते. काही होत नाही. मिसेस रॅम्सेंच्या मृत्यूला जो कंस, तोच माशाला. पहिल्यांदा वाटलं, हा क्रूरपणा झाला. आता वाटतं, यात माशाचाही मान राखला आहे. त्याला कुणाच्या दुःखाचं प्रतीक व्हावं लागलं नाही. तो कापला गेला, त्याचं दुखणं त्याचं.

वुल्फबाईंबद्दल बोलताना बहुतेक जण १९४१ च्या त्यांच्या आत्महत्येपासून सुरुवात करतात. मला त्यांच्या आईपासून करावीशी वाटते. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्स इथल्या टॅलंड हाउसमध्ये त्यांचं कुटुंब १८८२ पासून दर उन्हाळ्यात जाई. तिथून गॉड्रेव्हीचं दीपगृह दिसे. कादंबरीतलं बेट नावापुरतं स्कॉटलंडचं, समुद्र या घरासमोरचा. आई, ज्यूलिया स्टीव्हन, ५ मे १८९५ रोजी वारल्या. व्हर्जिनिया तेरा वर्षांची. ते घर सुटलं. कादंबरी आली ती १९२७ च्या ५ मे रोजी. लिहिताना लेखिका चव्वेचाळीस वर्षांची होती, तिसऱ्या भागातल्या लिलीइतकीच. पुढं आठवणींत त्यांनी लिहिलं, की तोवर आई सतत मनात असे, कादंबरी लिहून झाली आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला.

ही सुटका की दुसऱ्यांदा पोरकेपण? त्यांनी ते मानसोपचारासारखं काहीतरी झालं असावं, अशा सुरात सांगितलं आहे. मला धडकी भरली.

१९३१ च्या ‘द वेव्हज’मध्ये त्यांनी हाच धागा आणखी ताणला. सहा माणसांचे सहा आवाज, आणि अधूनमधून सूर्य, लाटा, पक्षी यांची माणूस नसलेली वर्णनं. सगळ्यांचा लाडका पर्सिव्हल भारतात घोड्यावरून पडून मरतो. भारत तिथं नकाशावरचा उष्ण तुकडा आहे, त्यापलीकडे फारसा नाही. तो त्यांनी पाहिलाही नव्हता. आपल्याकडे मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ लिहून संज्ञाप्रवाह मराठीत आणला. तेही आकाशवाणीत नोकरीला होते, हे या माइकसमोर बसून आठवल्यावाचून राहत नाही. पण मर्ढेकरांवर दहा मिनिटांत बोलणं म्हणजे पाप, ते नको.

कडुलिंबाची ती कविता मी आता म्हणत नाही. फर्माईश आली तर दुसरी म्हणतो. घर गावाकडे बंदच असतं. वर्षातून एकदा शेजारची चाची उघडून झाडते, मला फोन करते. गेल्या वर्षी म्हणाली, ‘बाबा, तुझ्या झाडाची फांदी पत्र्यावर आलीय, तोडू का?’ मी म्हटलं, ‘तोड.’ ‘आत्ता नको,’ तीच म्हणाली, ‘आत्ता मोहर आहे, पाडवा होऊ दे.’

त्या कडुलिंबावर नवी कविता लिहायला घेतली आहे. सहा ओळी झाल्या. त्यांत झाड मोहरतं, बायका डहाळे नेतात, वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. अम्मा गेली ही गोष्ट त्यांत कुठं ठेवायची, ते अजून ठरत नाही.