रात्रीच्या श्रमाची सही

अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून परदेशांसाठी काम चालते. तेथे दिवसा नोकरीत आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाच्या लेखनाची मालकी, उलट करार नसल्यास, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कंपनीकडे जाते. रात्री बोरिवलीच्या घरी तोच तरुण एखाद्या मुक्त स्रोत प्रकल्पासाठी विनामोबदला लिहितो, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून. नेमका त्याच वेळी त्याच्यापुढे योगदानकर्त्याचा करारनामा येतो.

वरवर पाहता हा कागद निरुपद्रवी असतो. मालकी बहुधा लेखकाकडेच राहते. मात्र प्रकल्प चालविणाऱ्या कंपनीला ते लेखन पुढे आपल्या अटींवर देण्याची मुभा मिळते. लेखन उसनवारीचे नाही, याची खात्री मागणे रास्तच आहे. पण त्यासाठी एवढी किंमत पडत नाही. लिनक्सच्या गाभ्याला २००४ पासून, हे लेखन देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी लेखकाची सहीनिशी ग्वाही पुरते. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेब व व्यवस्थापनाची प्रणाली ज्या जीएनयू सार्वजनिक परवान्याने जगाला मिळते, त्याच परवान्याखाली ती इतरांचे योगदान स्वीकारते. घेण्याचे आणि देण्याचे माप एकच.

मापे दोन झाली की काय होते, हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीने टेराफॉर्मच्या पुढील आवृत्त्यांवरील मुक्त परवाना काढून, प्रतिस्पर्धी सेवांना मज्जाव करणारा परवाना लावला. योगदान देणाऱ्यांची संमती नव्याने घ्यावी लागली नाही. करारनाम्यातील सहीने ती आधीच दिलेली होती. जुनी आवृत्ती मुक्त असल्याने तिच्यावरून ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला खरा. परंतु वर्षानुवर्षांच्या सामाईक श्रमाच्या दोन वाटा झाल्या.

गावच्या विहिरीसाठी श्रमदान करणाऱ्याने पाण्याचा मक्ता एकाच घराच्या नावे लिहून द्यावा काय? करार नकोच, असे कोणी म्हणत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर कॉपीराइटच आपल्या नावे करून घेते, पण लेखन मुक्तच ठेवण्याचे वचनही त्याच कागदात देते. असे वचन जेथे नाही, तेथे उपनगरातल्या तरुणाने सहीपूर्वी ते मागावे. दिवसाचे श्रम त्याने पगारासाठी विकलेले असतात. रात्रीचे श्रम तो समाजाला देतो. ते समाजाकडेच राहतील, एवढी हमी मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.