पाइपलाही सरकायला जागा लागते

रामवाडीच्या आपल्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचे मिस्टर धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. "कंपनीत वाफेचा पाइप चांगला सरळ जातो, मग मध्येच चौकोनी वळसा घेतो आणि पुन्हा सरळ होतो. एवढा पाइप फुकट कशाला घालतात?" ते ऐकून आम्हाला आमचीच फजिती आठवली.

एप्रिलात आम्ही भाजीच्या वाफ्यांसाठी ६० मीटर पीव्हीसी पाइप टाकला. भर दुपारी जोडला, दोन्ही टोकं खुंट्यांना करकचून बांधली. सकाळी येऊन बघतो तर कोपऱ्यातला एल्बो निसटलेला! आधी आम्ही सोल्यूशनला दोष दिला. पण चूक आमचीच होती. उन्हात तापून पाइप लांब झाला होता, पहाटेच्या गारव्यात आखडला. दुपार आणि पहाट यांत २५ अंशांचा फरक धरला, तर तेवढा पाइप सुमारे १० सेंटीमीटरने आखडतो.

लोखंडाचंही तसंच. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती लालभडक तापवतात. तापली की मोठी होते, चाकावर बसते. पाणी ओतलं की आखडते आणि लाकूड आवळून धरते. या आखडण्याची ताकद केवढी, हे आपण पाहिलेलं आहे.

आता कंपनीतला १०० मीटर पोलादी पाइप घ्या. बंद असताना ३० अंश, वाफ सोडल्यावर १८० अंश. तो सुमारे १८ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे जवळजवळ एक वीत. दोन्ही टोकं जाम असतील तर ही वीतभर वाढ जाणार कुठे? पाइप वाकतो, आधार उखडतो, नाहीतर जोडातून वाफ फुटते.

म्हणून तो वळसा. पाइप वाढला की वळशाच्या बाजू जरा आत झुकतात, थंड झाला की परत जागेवर येतात. जिथे वळशाला जागा नसते तिथे बेलोज बसवतात. पातळ स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याच्या घड्या, अगदी बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या. पाइप वाढला की घड्या मिटतात, आखडला की उघडतात.

पण हा भाता नुसता बसवून भागत नाही. आतला दाब त्याला सतत ताणत असतो. त्यामुळे पाइप ठरल्या ठिकाणी पक्का बांधावा लागतो, आणि मधल्या आधारांवर तो सरळ रेषेतच सरकला पाहिजे. हे चुकलं तर काय होतं, ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात दिसलं. तिथे नायलॉनसाठी कच्चा माल बनायचा. ओळीतल्या सहा मोठ्या टाक्यांपैकी पाचवीला तडा गेला, म्हणून ती काढली. चौथी आणि सहावी वाकड्या पाइपने जोडली, दोन्ही टोकांना बेलोज. नीट आराखडा केला नाही, जमिनीवर खडूने आकृती काढली. पाइप नुसता परांचीवर टेकवला. १ जून १९७४ ला तो सुटला, आतला माल बाहेर येऊन स्फोट झाला. २८ माणसं गेली.

म्हणून घरातलं कुणी कंपनीत जात असेल, तर त्यांना एवढं सांगा. बेलोजवर पाय ठेवू नका, त्याला दोरी किंवा परांची बांधू नका. शेजारी वेल्डिंग असेल तर तो झाकून घ्यायला सांगा, कारण ठिणगीनेही पातळ पत्रा खराब होतो. घडीत चीर दिसली, आधार सुटलेला दिसला, तर हात न लावता लांब व्हा आणि सुपरवायझरला लगेच कळवा. "नंतर बघू" म्हणू नका.

आणि आपल्या वाडीत? प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट वाढतं. काळा लवचीक पाइप ताणून टाकू नका, नागमोडी सोडा. पीव्हीसी असेल तर जमेल तिथे मातीत पुरा, म्हणजे ऊन कमी लागतं. उघड्यावरचा पाइप घट्ट आवळू नका, मध्ये एखादं वळण ठेवा. आम्ही पाइप पुन्हा टाकला तो असाच.

त्या ताईंनी हे सगळं घरी जाऊन सांगितलं. आता त्यांचे मिस्टर कामावरून आले की वळसे आणि आधार यांच्यावरच बोलतात म्हणे. तुमच्या घरीही आज हा विषय काढा.