चमचाभर विरजण

मराठी भाषेने विरजणावर मोठा अन्याय केला आहे. कोणाचा उत्साह मावळला, बेत फसला, की त्यावर 'विरजण पडले' असे सहज म्हटले जाते. जणू काही दुधात विरजण पडणे ही आपत्तीच होय! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत न तापवलेले दूध काही तासांतच नासते. तेच दूध तापवून त्यात वेळेवर चमचाभर विरजण पडले, तर ते दही होऊन दुसऱ्या दिवशी पानात येते, तिसऱ्या दिवशी ताक होते आणि उरलेच तर चौथ्या दिवशी त्याची कढी होते. नाशवंत वस्तूला चार दिवसांचे आयुष्य देणारा हा पदार्थ आहे. वाक्प्रचार रूढ करणाऱ्याला बहुधा दुधाची गोडी आठवली असावी, दह्याची आठवली नसावी.

विरजणाचे महत्त्व खऱ्या अर्थाने कळते ते बदलीवर गेलेल्या कुटुंबाला. नागपूरचा नोकरदार दिल्लीस जातो, पुण्याचे बिऱ्हाड कोलकात्यास हलते, कोल्हापूरचा तरुण बंगळूरला एकट्याची खोली घेतो. भांडी येतात, पुस्तके येतात, देवांचा डबाही येतो. पण विरजण गाडीच्या प्रवासात आंबून गेलेले असते. मग नव्या शेजाऱ्याचे दार ठोठावावे लागते. भाषा येत नसली तरी रिकामी वाटी पुढे केली म्हणजे काम भागते, कारण दही घरी लावावे ही रीत या देशाच्या बहुतेक भागांत आहे. चमचाभर दह्याने सुरू झालेला शेजार पुढे अनेक वर्षे टिकतो.

तरीही अलीकडे अनेक घरांतून ही रीत मागे पडत चालली आहे. दही बंद डब्यात तयार मिळते. घरी लावावे तर कधी लागते, कधी लागत नाही, कधी पाणी सुटते, कधी तार येते. 'आमच्या हाताला दही लागत नाही' असे म्हणून पुष्कळ जण हा नाद सोडून देतात. दही लागणे न लागणे हा हाताचा गुण नव्हे. त्याला कारणे आहेत, आणि ती एकदा समजली की कोणाच्याही हाताला दही लागते.

पहिली गोष्ट ही की, विरजण हे औषधासारखे निर्जीव द्रव्य नाही. तो जिवंत प्राणिमात्रांचा समुदाय आहे. दुधाचे आंबणे हे सूक्ष्म जिवांचे कार्य आहे, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने १८५७ मध्ये दाखवून दिले. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या देशातील दह्यात असा एक जिवाणू शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकोव्ह यांनी तर बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय या आंबट दुधाला दिले. मेचनिकोव्ह यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. दह्यावरील त्यांचा विश्वास मात्र शास्त्राने जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. दह्याने माणूस शंभर वर्षे जगतो असे सिद्ध झालेले नाही. पण ज्यांना दूध पचत नाही त्यांपैकी पुष्कळांना दही पचते, हे मात्र खरे आहे. कारण दुधातील साखर फोडण्याचे काम हे जिवाणू काही अंशी आधीच उरकून ठेवतात.

हे काम कसे चालते? दुधात शेकडा साडेचार ते पाच भाग दुग्धशर्करा असते. विरजणातील जिवाणू ती खातात आणि तिच्यापासून एक आम्ल तयार करतात. आम्ल वाढत गेले की दुधातील केसीन नावाचे प्रथिन, जे आतापर्यंत अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेले असते, ते एकमेकांना धरून जाळे विणू लागते. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात, तेच दही. लिंबू पिळूनही दूध फाटते, परंतु ते आम्ल एकदम अंगावर आल्यामुळे गोळे आणि पाणी वेगळे होतात. दह्यात आम्ल सावकाश वाढते, म्हणून जाळे एकसंध विणले जाते. नासणे आणि लागणे यांतील फरक हा असा सावकाशीचा आहे.

आता कृतीकडे वळावयास हरकत नाही. तिचे चार टप्पे आहेत: दूध तापवणे, निववणे, विरजणे आणि न हलवता ठेवणे.

पिशवीतील दूध पाश्चरीकरण केलेले असते, मग ते पुन्हा कशाला तापवावयाचे, असा प्रश्न विचारला जातो. दह्यासाठी ते तापवावयाचे कारण निराळे आहे. दूध चांगले तापले की केसीनखेरीज जी दुसरी प्रथिने त्यात असतात त्यांचे स्वरूप बदलते, आणि तीही जाळे विणण्याच्या कामी येतात. म्हणून दूध नुसते उतू जाण्यापर्यंत आणून उतरवू नये; उकळी आल्यावर आच मंद करून, मधूनमधून ढवळत, आणखी आठ-दहा मिनिटे ठेवावे. दही पाणीदार होते त्या घरांपैकी निम्म्या घरांत एवढेच राहून गेलेले असते.

दुसरा टप्पा निववण्याचा, आणि सर्वांत अधिक चुका येथेच होतात. उकळत्या दुधात विरजण घातले तर त्यातील जिवाणू मरतात. गार दुधात घातले तर ते झोपी जातात. त्यांना मानवते ती साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब. उष्णतामापक नसला तरी बिघडत नाही. स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवावी आणि दहापर्यंत अंक मोजावे. चटका न बसता, पण ऊब स्पष्ट जाणवत बोट तेथे ठेवता आले, म्हणजे दूध विरजण्याजोगे झाले. उन्हाळ्यात यापेक्षा थोडे निवलेले चालते, हिवाळ्यात थोडे अधिक गरम असावे.

तिसरा टप्पा विरजणाचा. येथे उदारपणा कामाचा नाही. लिटरभर दुधाला उन्हाळ्यात एक लहान चमचा आणि थंडीत दोन चमचे विरजण पुरे होते. अनुकूल ऊब मिळाली तर हे जिवाणू दर चाळीस मिनिटांनी दुप्पट होतात असे धरले, तर सहा तासांत ते नऊ वेळा दुप्पट होतील. म्हणजे एकाचे पाचशे बारा! ज्याचा वंश असा वाढतो त्याला घरातून मोठ्या संख्येने धाडण्याची गरज नाही. अधिक विरजण घातल्याने दही अधिक चांगले होत नाही, ते केवळ लवकर आंबट होते. विरजण आधी दोन चमचे दुधात एकजीव करून घ्यावे आणि मग ते साऱ्या दुधात मिसळावे, म्हणजे सगळीकडे सारखे पसरते.

चौथा टप्पा सर्वांत सोपा, आणि उतावळ्या माणसास सर्वांत अवघड. भांडे झाकून ठेवावे आणि त्याकडे ढुंकूनही पाहू नये. विणले जात असलेले जाळे हलवल्याने तुटते आणि त्यातून पाणी सुटते. उन्हाळ्यात चार ते सहा तासांत दही लागते, थंडीत दहा-बारा तासही लागतात. लागले की ते लगेच थंड जागी हलवावे. लागलेले दही उबेत तसेच राहू दिले तर आम्ल वाढतच जाते, आणि मग दह्यास दोष दिला जातो.

आपला देश विस्तीर्ण असल्यामुळे एकच कृती सर्वत्र सारखी लागू पडत नाही. दिल्लीच्या किंवा इंदूरच्या पौषातील रात्री स्वयंपाकघर इतके गारठते, की दुधाची ऊब तासाभरात नाहीशी होते. पूर्वी अशा वेळी चुलीच्या वैलावर, कोमट राखेच्या शेजारी भांडे ठेवीत. चूल गेली तरी उपाय राहिले आहेत. भांडे जुन्या कांबळ्यात गुंडाळून कणकेच्या किंवा तांदळाच्या डब्यात ठेवावे. धान्य ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही. चेन्नईच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात प्रश्न उलट असतो. तेथे दही रात्री न लावता सकाळी लावावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी पाहावे. बंगालमध्ये दही मातीच्या भांड्यात लावतात. कोकणात आणि देशावरही पूर्वी त्यासाठी सट असे. माती पाझरते, दह्यातील थोडे पाणी शोषून घेते, आणि दही घट्ट होते.

मग खर्चाचा हिशोब. दूध घरात रोज तापतेच, तेव्हा दह्यासाठी इंधन लागते ते आठ-दहा मिनिटांच्या मंद आचेचेच. विरजण घरचेच. लिटरभर दुधाचे जवळजवळ लिटरभर दही होते. विकतच्या दह्याच्या किमतीत दुधाखेरीज डबा, वाहतूक, शीतगृह आणि दुकानदाराचा नफा यांचाही वाटा असतो. घरच्या दह्यात यांपैकी काही नाही. दूध महागाचेच हवे असेही नाही. टोन्ड दुधात स्निग्धांश शेकडा ३ असतो, आणि त्याचे दही चांगले लागते. या टोन्ड दुधाची कल्पना मुंबईच्या दूधयोजनेचे दारा खुरोडी यांच्या नावाशी जोडली जाते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मिळाला. सामान्य मिळकतीच्या माणसाला दूध परवडावे, हाच त्या कल्पनेचा हेतू होता. दह्याला अधिक घट्टपणा हवा असल्यास लिटरभर दुधात दोन मोठे चमचे दुधाची भुकटी मिसळावी. म्हशीच्या दुधात मुळातच घनांश अधिक असतो, त्याला तिचीही गरज नाही.

काटकसरी गृहिणी तर याहूनही पुढे जाते. तापवलेल्या दुधावरची साय ती काढून साठवते, तिलाच विरजण लावते, आठवड्याने लोणी काढते, लोण्याचे तूप कढवते आणि खाली राहिलेले ताक जेवणात वाढते. साय काढलेल्या दुधाचे दही वेगळे लागलेले असतेच. दह्यावर सुटलेले पाणी ती फेकत नाही. त्यात कणीक भिजवते. आंबट झालेल्या दह्याची कढी होते. एका दुधातून घराच्या चार गरजा भागतात आणि मोरीत काहीही जात नाही. अर्थशास्त्राच्या ग्रंथात या गृहिणीचे नाव नसेल, परंतु अर्थशास्त्र तिला अवगत आहे यात शंका नाही.

काही दोषांची कारणेही जाणून घ्यावीत. दही मुळीच लागले नाही, तर दूध अतिगरम किंवा अतिथंड होते, अथवा विरजण जुने होते असे समजावे. नुसत्या गारठ्याने लागले नसेल तर भांडे कोमट पाण्यात ठेवावे. दही तासा-दोन तासांत धरू लागते. कधी आजारी जनावराला दिलेल्या औषधाचा अंश दुधात उतरतो आणि विरजणातील जिवाणूंनाही मारतो. त्या दिवशी कोणाचाच इलाज चालत नाही. दह्याला तार सुटू लागली, तर ते कमी उबेत लागले आहे आणि विरजणात नको ते जिवाणू शिरले आहेत असे मानून विरजण बदलावे. वर हिरवट किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर मात्र सारेच टाकून द्यावे. वरचे काढून खालचे वापरण्याची काटकसर येथे करू नये.

आणि विरजण अजिबात मिळालेच नाही तर? दक्षिणेत पुष्कळ घरांत कोमट दुधात देठासह हिरव्या मिरच्या घालून ठेवतात. देठावर नैसर्गिकपणे असलेले जिवाणू दुधात उतरतात. पहिल्या खेपेचे दही ओबडधोबड लागते. ते खाऊ नये, त्यातील चमचाभर घेऊन दुसऱ्या खेपेला विरजावे. दोन-तीन खेपांत विरजण वळणावर येते. परंतु शेजाऱ्याची वाटी हा उपाय त्याहून सोपा आणि अधिक सुखाचा.

एकदा हाती आलेले विरजण राखणे हे मात्र ज्याचे त्याने करावयाचे काम आहे. पानात दही वाढण्यापूर्वी, मीठ-साखर पडण्यापूर्वी, स्वच्छ कोरड्या चमच्याने थोडे दही लहान वाटीत काढून झाकून ठेवावे. तीन-चार दिवसांतून एकदा तरी त्याला ताजे दूध मिळावे. मोठ्या प्रवासाला जावयाचे असल्यास ते बर्फकप्प्यात ठेवावे, किंवा शेजाऱ्याकडे सोपवावे. विरजण दिल्याने कमी होत नाही. उलट आपल्याकडचे बिघडले तर ते परत मिळण्याची सोय होते. साठवून ठेवलेले विरजण मरते आणि वाटलेले जगते.

लांबच्या प्रवासाला किंवा परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर मराठी घरांत दही घालतात. त्या चमचाभर दह्यात कालच्या दह्याचा अंश असतो, त्यात परवाच्या, आणि असा मागोवा घेत गेले तर तो कोणाच्या आजीच्या सटीपर्यंत, तर कोणाच्या बाबतीत परप्रांतीच्या अनोळखी शेजारणीपर्यंत जाऊन पोहोचतो. दुकानातून दही कोणालाही आणता येते. ही परंपरा मात्र विकत मिळत नाही. ती रोज रात्री, दूध निवले की, आठवणीने लावावी लागते.