चाळिशीतील धावणे

वडील माझ्याच वयात हृदयविकाराने गेले. म्हणून मी धावू लागलो. त्या वेळी सरकारी कामानिमित्त तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे मुक्काम होता. सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या नावाने बांधलेल्या छत्रापासून पहाटे निघावे, आणि अर्ध्या किलोमीटरातच दम लागावा! तेथील एक वृद्ध शिक्षक हसून म्हणाले, "गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने धावा." ही मंदगती अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेला जरा जडच गेली, पण महिन्या-दोन महिन्यांत अंतर वाढले, श्वास टिकू लागला. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये पावणेत्रेचाळीस किलोमीटर धावून एकोणिसावे आले होते. मी परवा पाच किलोमीटर न थांबता गेलो. शिक्षकमहाशय मात्र पुढेच होते, तेही बोलत बोलत.