छापील शब्दाचा धाक

(आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी सोनारी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी बचत, बालसंगोपन किंवा आरोग्य यांपैकी एखादा विषय घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. हे विषय मोलाचे आहेतच. परंतु गेली तीन वर्षे एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी सलत आहे. आज आपल्या माणसांत बसले आहे, तेव्हा ती बोलून टाकते.

आपल्याच तालुक्यातील एका गावची, माझ्या नात्यातील एक मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची चौकशी करायला सोलापूरला गेली होती. परतीची एस. टी. चुकली, फोन बंद पडला, म्हणून ती रात्री मावशीकडे राहिली. घरची माणसे घाबरली व चौकीवर विचारपूस करून आली. सकाळी नऊ वाजता पोर घरी हजर. प्रकरण तिथेच मिटले, असे आम्हांला वाटले. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मथळा आला, की शिक्षणाच्या नावाखाली तरुणी पसार! नाव छापले नव्हते. पण गाव छापले होते, वय छापले होते आणि वडिलांचा धंदाही छापला होता. खेड्यात ओळख पटायला याहून अधिक काय लागते?

मी संपादकांना पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले. शेवटी फोन केला, तेव्हा पलीकडून शांतपणे सांगण्यात आले, ‘बाई, बातमी चौकीवरून मिळाली होती.’ मी विचारले, ‘मुलीच्या घरी कोणी विचारले होते का?’ त्यावर उत्तर मिळाले नाही. अकराव्या दिवशी आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली चार ओळींचा खुलासा आला. तो गावात कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. मथळा मात्र सर्वांनी वाचला होता.

बरे, नुकसान त्या एका मुलीचेच झाले असते तर एक वेळ सोसले असते. त्या आळीतून सात मुली रोज एस. टी.ने परांड्याला कॉलेजात जात असत. आठवड्याच्या आत पाच जणी घरी बसल्या. पुढच्या जूनमध्ये तिघी पुन्हा जाऊ लागल्या. दोघींची लग्ने उन्हाळ्यातच उरकण्यात आली. ज्या मुलीविषयी बातमी होती ती हट्टाने शिकली व आज नोकरी करते आहे. त्या दोघींचे शिक्षण मात्र सुटले ते सुटलेच. त्यांच्याविषयी तर बातमीत एक अक्षरही नव्हते!

भगिनींनो, माझा राग एका वार्ताहरावर नाही. त्याला थोड्या पैशांत पुष्कळ गावे सांभाळावी लागतात, हे मी जाणते. माझा प्रश्न मोठ्या पत्राच्या मोठेपणाचा आहे. ज्याचा शब्द घरोघर जातो, त्याची चूकही घरोघर जाते. आणि हे आजचे नाही.

आपल्या मराठीतील सर्वांत वजनदार पत्र म्हणून ‘केसरी’चे नाव घ्यावे लागेल. ४ जानेवारी १८८१ रोजी ते पुण्यात निघाले. चिपळूणकर, आगरकर व टिळक अशी माणसे त्यामागे होती. या पत्राने देशाची केवढी सेवा केली हे मी सांगायला नको. प्लेगच्या दिवसांतील सरकारी जुलमाविरुद्ध ते बोलले. १८९७ साली त्यातील लेखनाबद्दल लोकमान्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि १९०८ साली सहा वर्षांची झाली ती त्यांनी मंडालेस भोगली. त्या धैर्यापुढे माझे मस्तक आजही नम्र होते. म्हणूनच पुढचे बोलताना दुःख होते.

याच पत्राचे वजन स्त्रियांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उलट्या पारड्यात पडले. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले. आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. तेथील इंग्रजी शिक्षणक्रमावर ‘केसरी’ने टीका केली. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ‘नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा’ असा निकाल दिला. त्याही वेळी ‘केसरी’ रखमाबाईंच्या बाजूने उभा राहिला नाही. १८९१ साली मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा आला, त्याला ‘केसरी’ने कसून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्याचा मुद्दा होता. मुद्दा समजण्यासारखा आहे. परंतु दहा वर्षांच्या पोरीला त्या मुद्द्याचा काय उपयोग?

आणि शारदा सदनाची हकीकत तर आपल्या या विषयाला अगदी जवळची आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ते काढले व पुढच्या वर्षी पुण्यास आणले. तेथे मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, असे ‘केसरी’ने लिहिण्यास सुरुवात केली. हा संशय अगदीच निराधार होता असेही मी म्हणणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, त्यांच्या प्रार्थनेला काही मुली बसत, आणि पुढे काहींनी तो धर्म घेतलाही. मुली आश्रमात ठेवणाऱ्या पालकांना हे कळायला हवे, यात वावगे काही नाही. परंतु त्या लिखाणाचा परिणाम काय झाला? १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध सोडला, आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले. घरी म्हणजे कोठे? पुन्हा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, पुन्हा केशवपनाकडे. ‘तुम्हांला काय हवे आहे?’ असे त्या मुलींना विचारून त्यांचे उत्तर कोणी छापले का? परांड्याची एस. टी. ज्यांची सुटली त्या आपल्या मुली मला त्यांच्याच धाकट्या बहिणी वाटतात.

आता कोणी म्हणेल, मोठ्या पत्रापुढे बाईमाणसाने काय करावे? आपल्या आधीच्यांनी काय केले ते पाहू.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला नवजात बालकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या पत्राने सगळ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली. ताराबाई चिडल्या, पण चुलीपुढे चरफडत बसल्या नाहीत. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहून १८८२ साली छापून आणले. पुरुष चुकला तर चालते, बाईच तेवढी का बुडते, हा त्यांचा सवाल. प्रती पाचशेच निघाल्या. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन ‘सत्सार’मध्ये लिहावे लागले. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज ‘पुणेवैभव’ कोणाला आठवत नाही, ताराबाई मात्र विद्यापीठांत अभ्यासल्या जातात.

आगरकरांना आपल्याच ‘केसरी’त मनासारखे लिहिता येईना, तेव्हा ते बाहेर पडले व १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. रमाबाईंनी सदन मोडले नाही. त्या केडगावला गेल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार बायका-मुलींना त्यांनी आसरा दिला. आणि तानूबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘दीनबंधू’चे संपादन स्वतः केले. त्या काळी संपादकाच्या खुर्चीत बाई बसली होती, हे आपल्या मुलींना ठाऊक असले पाहिजे.

वर्तमानपत्रेच नकोत, असे मात्र कोणी समजू नये. आपला हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, आपण मुक्त झालो. खरे लिहिणारा माणूस नाहीसा झाला की काय होते, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. पत्रे हवीत; ती निर्भय हवीत; परंतु निर्भय म्हणजे बेफिकीर नव्हे.

आजकाल कागदापेक्षा पडद्याचा धाक मोठा आहे. २०२० साली सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू झाला. तेव्हा वृत्तवाहिन्यांनी त्याच्या मैत्रिणीला निकालाआधीच गुन्हेगार ठरविले. रात्रंदिवस तोच तमाशा चालला होता आणि आपणही जेवताना तो पाहत होतो. ती महिनाभर तुरुंगात होती. एका मोठ्या हिंदी वाहिनीने त्या मृत अभिनेत्याच्या नावावर खोटे संदेश दाखविले, म्हणून तिला एक लाख रुपये दंड झाला. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की माध्यमांनी चालविलेला असा खटला न्यायदानात अडथळा आणतो. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. आरोप दाखवायला महिनेच्या महिने वेळ होता, निर्दोषपणाला किती मिळाला? तोही बहुधा आमच्या त्या चार ओळींएवढाच.

असो. केवळ गाऱ्हाणे सांगून खाली बसणे बरे नव्हे. मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, वाचन डोळसपणे करावे. कोणाची बेअब्रू करणारी बातमी आली की स्वतःला विचारावे, ‘ही कोणी सांगितली? जिच्याविषयी आहे तिला विचारले आहे का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती बातमी पाणवठ्यावर नेऊ नये आणि फोनवरून पुढे ढकलू नये. माझ्या सासूबाई म्हणत, ‘पेपरात आलंय, म्हणजे खरंच असणार.’ तो भाबडेपणा त्यांना शोभला. आपल्याला तो परवडणार नाही.

दुसरी गोष्ट, चुकीची बातमी आली की मंडळाने लेखी हरकत घ्यावी. आधी संपादकांना पत्र लिहावे व त्याची प्रत जपून ठेवावी. दाद लागली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येते. दैनिकाविषयीची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. ती संस्था पत्राला ताकीद देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड मात्र करू शकत नाही, आणि तिचा अधिकार वाहिन्यांवर चालत नाही. माझी मुदत अजाणतेपणी निघून गेली. तुमची जाऊ नये म्हणून हे सांगते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखाद्या मुलीविषयी काही छापून आले, की त्याच संध्याकाळी मंडळातील चारचौघींनी तिच्या घरी जावे. त्या वेळी आम्ही हे केले नाही. जो तो आपापल्या दारात उभा राहून कुजबुजत होता, आणि खरे सांगायचे तर मीही दोन दिवस गेले नाही. मथळा पत्राने छापला. पण पाच मुलींना घरी बसविले ते आपण. पत्राची सत्ता आपल्या भीतीवर चालते, आपल्या कुजबुजीवर वाढते. त्या संध्याकाळी आम्ही चौघी त्या ओट्यावर जाऊन बसलो असतो, तर त्या दोघी आज पदवीधर असत्या.

ही टोचणी मला आहे. तुम्हांला ती लागू नये, एवढ्यासाठीच आज हा विषय घेतला.