ब्रह्मकमळाचे छायाचित्र



बागेच्या छायाचित्रांच्या स्पर्धेत मी भाग घेतला, त्याची हकीकत सांगायला मला उभे केले आहे. माझी बाग म्हणजे गॅलरीतले तेलाचे अकरा डबे. एकात सासूबाईंनी लावलेले ब्रह्मकमळ. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले; आपण घरोघरी लावतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग. फूल रात्री उमलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. सासूबाई गेल्यानंतर यंदा श्रावणात प्रथमच कळी धरली. मी जागत बसले. मोबाइलचा झोत पडला की फूल नुसते चुन्यासारखे पांढरे दिसे. मग स्वयंपाकघरातला दिवा लावला, मोबाइल डब्याला टेकवून धरला, तेव्हा पाकळीन् पाकळी उमटली.

मागे दोरीवर फडकी वाळत होती. मुलगा म्हणाला, “आई, ती पुसून टाकतो. कोणाला कळणार?” पण नियमांत फेरफाराला मनाई होती. मी म्हटले, “मला कळेल ना!” चित्र फडक्यांसकट पाठवले.

बक्षीस मिळाले नाही. पण ते चित्र आता सासूबाईंच्या तसबिरीशेजारी लावले आहे. सकाळी कोमेजणारे फूल घरात राहिले, हे काय थोडे झाले? पुढच्या वर्षी आपणही भाग घ्या, एवढे बोलून मी रजा घेते.