तोंड, नडगी आणि पोट
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, मुलीच्या आजारपणात तुम्हाला जे कळले तेच सांगा. मुलीला विचारले, ती हो म्हणाली, म्हणून उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी तिचे तोंड सारखे येई. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरट फोड. साधी आमटीसुद्धा जाईना. तोंड आले म्हणजे उष्णता, हे आपले ठरलेले. मी जाईचा पाला चघळायला दिला, गुलकंद दिला. आठ-दहा दिवसांत बरे वाटे, पुन्हा येई. मग दोन्ही नडग्यांवर लाल, गरम गाठी उठल्या. हात लावू देईना. म्हटले, आपटली असशील, आणि आंबेहळदीचा लेप घातला. तोंड एका डॉक्टरांना दाखवले, पाय दुसऱ्यांना. पोटाचे कोणालाच सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. पोरीला चार महिने दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे जावे लागे, रक्त पडे, आणि ती लाजेने गप्प. लग्नाचे बघत होतो ना!

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी तोंड पाहून विचारले, "बाळ, पोट कसे आहे?" तेव्हा ती रडली.

दुर्बिणीने आतडे तपासले, लहानसा तुकडा काढून पाहिला. आजाराचे नाव क्रोन्स. यात अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच उलटते आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज आणते. बहुधा लहान आतड्याचे शेवटचे टोक सापडते. ब-१२ जीवनसत्त्व तिथेच अंगी लागते. ते आणि लोह कमी पडले की जीभ लाल, गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात. नडगीच्या गाठी बहुतेक आतडे खवळले की उठतात, शांत झाले की बसतात. माझा लेप काय करणार! क्वचित कातडीवर खोल जखमही होते. ती गळू समजून कापली तर आणखी पसरते.

आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब असाच दिसतो. क्षय असताना क्रोन्सची औषधे दिली तर क्षय बळावतो, म्हणून डॉक्टर तपासण्या जास्त करतात. मी खर्चापायी वैतागले होते, हे कबूल करते.

तोंड सगळ्यांचेच येते आणि बहुतेकांचे साधेच असते. पण ते वारंवार येते आहे, शिवाय जुलाब लांबले आहेत, रक्त पडते आहे, वजन उतरते आहे, नडगीवर गाठी आहेत, तर सगळे एकाच डॉक्टरांना एकदम सांगा. मिसरी लावणाऱ्यांना वेगळे सांगते: तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखवा, तिथे कर्करोगाची भीती असते.

क्रोन्स एका ताटात जेवून लागत नाही. मुळासकट जातही नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. मुलगी नेमाने गोळ्या घेते, वजन भरले आहे. एक स्थळ आले, त्यांना आम्ही आजार सांगितला. ते परत फिरकले नाहीत. दुसरे आले. मुलाच्या आईने गोळ्यांचे नाव कागदावर लिहून घेतले. बोलणी चालू आहेत.